सुतातली बांगडी

आमच्या कॉलेजात साळवे मॅडमना घाबरत नव्हते ते फक्त त्यांच्या काचेच्या बशीत वाढणारे जिवाणू. बाकी आम्ही सगळे, प्राचार्यांपासून शिपायापर्यंत, जिन्यात त्यांच्या चपला वाजल्या की खुर्चीत सरळ होऊन बसायचो. मी रसायनशास्त्राचा, त्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या. दोन प्रयोगशाळांच्या मध्ये भिंत आणि भिंतीला एक खिडकी. त्या खिडकीतून हात घालून त्या माझ्या काचेच्या नळ्या खुशाल उचलून न्यायच्या. मी कुरकुरलो की म्हणायच्या, "पाटील सर, वापरली नाही तर नळीसुद्धा गंजते." आता काच कधी गंजते का? पण वाद घालायची छाती कोणाची होती?

बाई मूळच्या धुळ्याच्या. वडील तिथल्या कापड गिरणीत होते. उंच, काटक, फिकट सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, घड्याळ उजव्या मनगटावर. लग्न केलेलं नव्हतं. एका नव्या प्राध्यापकानं स्टाफरूममध्ये चहा पिता पिता त्याचं कारण विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही केलंत ना? मग माझ्या वाटचंही झालं म्हणा." तो बिचारा पुढं वर्षभर त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसला नाही.

वर्गात त्यांची भाषा छापील पुस्तकासारखी. पण राग आला की सरळ अहिराणीवर उतरायच्या. पोरांनी बशी उघडी ठेवली की पलीकडून आवाज यायचा, "हाई काय शे? बठ्ठं वाया घालं ना!" बठ्ठं म्हणजे सगळं. मग आम्ही इकडे ओळखायचो की आज तिकडे खिडकीतून डोकवायचं नाही. मे महिन्यात जळगावचा पारा चढला की त्या जिवाणू उबेत वाढवायचं इनक्युबेटर बंद करून टाकायच्या. म्हणायच्या, "सरकारनं आपल्याला गावच इनक्युबेटर दिलंय. वीज कशाला जाळायची?"

त्यांचा एक तास मी खिडकीतून न चुकता ऐकायचो. दरवर्षी तोच तास, तरीही ऐकायचो. टेबलावर त्या पांढऱ्या सुताचा मोठा गुंता ठेवायच्या. वडिलांनी गिरणीतून आणलेलं रद्दी सूत ते. मग पिशवीतून काचेची एक हिरवी बांगडी काढायच्या.

"हे सूत म्हणजे जिवाणूचं गुणसूत्र. एकच लांबच लांब धागा, त्याची दोन टोकं जोडलेली, आणि इवल्याशा पेशीत कोंबून बसवलेला. आणि ही बांगडी म्हणजे प्लास्मिड. हेही डीएनएच, पण छोटंसं, वेगळं कडं. जिवाणूचं रोजचं पोटपाणी सुतावर चालतं. पण औषध मारलं तरी न मरण्याची विद्या पुष्कळदा या बांगडीत असते. आता पेशीची दोन पिल्लं व्हायची आहेत. सुताची नक्कल होते, बांगडीची नक्कल होते. दोन्ही पिल्लांना सूत मिळतं. पण बांगडी दोघांनाही मिळेल याची काळजी कोण घेतं? ती सुताला धरून जाते, की जाईल तिकडे जाते?"

मग गुंत्यात घातलेल्या बांगडीसकट ते सूत उचलायच्या आणि विचारायच्या, "बांगडी वर आली. म्हणजे धरलेली आहे का?"

पोरं म्हणायची, "हो."

"घाई! आधी हलवा, मग सांगा." असं म्हणून त्या सूत असं काही झटकायच्या की पहिल्या बाकावरची पोरं मागे सरकायची. "जवळ असणं वेगळं आणि धरून असणं वेगळं. हे ज्याला कळलं त्याला माझा विषय कळला."

हा नुसता शिकवायचा विषय नव्हता. पीएच.डी.साठी त्यांनी हाच प्रश्न घेतला होता. जळगावजवळच्या असोद्याच्या एका केळीच्या बागेतल्या मातीतून त्यांनी एक जिवाणू काढला होता. त्याच्यात एक प्लास्मिड होतं. गुणसूत्राची नक्कल चालू असताना हे प्लास्मिड त्याला खरोखर धरून असतं का, एवढंच त्यांना सिद्ध करायचं होतं. पदवी मिळाली असती तर विभागप्रमुखपद मिळालं असतं, पण त्या खुर्चीचं त्यांना फारसं अप्रूप नव्हतं. त्यांना खरी ओढ होती ती वेगळीच. धुळ्याला त्यांचे म्हातारे वडील, आबा, यांनी दारावर लावायची पाटी आधीच करून घेतली होती. 'डॉ.' लिहून, पुढं लेकीचं नाव रंगवून, ती पाटी त्यांनी खाटेखाली जुन्या धोतरात गुंडाळून ठेवली होती. आख्ख्या गल्लीला माहीत होतं. ऐंशीच्या दशकातल्या गिरणी कामगाराच्या घरात, आणि तेही त्यांच्या समाजात, मुलगी डॉक्टर होणार म्हणजे काय, ते आबा येईल त्याला सांगत असत, असं मॅडम एकदा हसत हसत म्हणाल्या. हसल्या खऱ्या, पण डोळे हसत नव्हते.

प्रयोगाची रीत ऐकायला सोपी. पेशी अगदी हळुवार फोडायची, म्हणजे आतलं गुणसूत्र न तुटता, घडी न मोडता बाहेर येतं. मग ते साखरेच्या पाण्यावर ठेवून मोठ्या सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायचं. गुणसूत्र जड, ते तळाला जातं. सुटं प्लास्मिड हलकं, ते वरच राहतं. पण प्लास्मिडही तळाला गेलं, तर ते गुणसूत्राच्या संगतीनं गेलं. तसलं मोठं यंत्र जळगावात नव्हतं, धुळ्याच्या एका प्रयोगशाळेत होतं. तिथले लोक म्हणाले, यंत्र वापरा, पण टेबल मोकळं नाही. म्हणून मॅडम पेशी इथंच फोडायच्या आणि ती नळी मांडीवर घेऊन एसटीनं धुळ्याला जायच्या. द्रावणाला लागणारे क्षार माझ्याकडचे, म्हणून सामान धरायला मी सोबत. आमच्या मंडळींनी दोघांचा डबा बांधून द्यायचा, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा.

पहिल्याच फेरीला कंडक्टर आला आणि मला म्हणाला, "दोन धुळे ना? वहिनींचं तुम्हीच काढताय ना?"

मी काही बोलायच्या आत मॅडम कडाडल्या, "वहिनी कोण? एका सीटवर बसले म्हणून नवराबायको होतात का? जवळ बसलोय, सोबत नाही. दोन वेगळी तिकिटं फाडा."

कंडक्टरनं मुकाट्यानं दोन फाडली. मी एरंडोलपर्यंत खिडकीबाहेर बघत होतो. पारोळ्याजवळ त्यांनाच हसू फुटलं. "पाटील सर, त्याला आज प्लास्मिड शिकवलं बघा मी." त्या दिवसापासून मी त्यांना कॉलेजबाहेर अक्का म्हणू लागलो आणि त्या मला भाऊ.

पण प्रयोग काही जमेना. दर वेळी प्लास्मिड वरच. अक्का म्हणायला लागल्या होत्या, "धरत नसेल मग. नाही तर नाही." एकदा परतीच्या वाटेवर गाडी अशी खड्ड्यात आदळली की डब्यातली भाकरी माझ्या मांडीवर आली. अक्का भाकरीकडे बघत राहिल्या. तुकडे तुकडे झाले होते तिचे.

"अरे भाऊ! मी वर्गात सूत झटकून दाखवते, आणि इथं वर्षभर महामार्ग माझं सूत झटकतोय. धागाच तुटतोय वाटेत! तुटलेला धागा तळाला कसा जाणार?"

एवढी हुशार बाई, आणि खड्डे लक्षात नाही आले! आम्ही दोघं त्या गाडीत वेड्यासारखे हसलो. पुढच्या खेपेपासून कुल्फीवाल्याकडून थर्माकोलचा खोका आणि बर्फ घेतला, जिवंत पेशी धुळ्याला नेल्या, आणि यंत्राच्या शेजारी एका स्टुलावर पेशी फोडल्या. जिवंत पेशीला एसटीचे हादरे म्हणजे काहीच नाही. आणि काय सांगू, प्लास्मिड गुणसूत्राबरोबर तळाला! वाढत्या पेशीतही तळाला, झोपलेल्या, म्हणजे वाढ थांबलेल्या, पेशीतही तळाला. पुण्याचे मार्गदर्शक खूश. म्हणाले, लिहायला घ्या. नोंदणीला दोनदा मुदतवाढ मिळालेली, आता जूनअखेर प्रबंध द्यायचाच, तिसरी वाढ नाही. अक्कांनी उन्हाळ्याच्या आत लिहूनही काढला. टंकलेखन तेवढं राहिलं.

आणि तेव्हाच ती बांगडी पडली.

तोच तास चालू होता, सुताचा. अक्कांनी एका मुलीला पुढं बोलावलं, सूत उचलायला. मुलगी लाजत आली, वाकली, आणि तिच्या हातातली सैल लाल बांगडी निसटून सुतावर पडली. मुलीला कळलंच नाही. तिनं सूत उचललं, तर हिरवीही वर आली आणि लालही वर आली. मुलीनं घाबरून सूत हलवलं. दोन्ही तशाच. वर्ग खो खो हसला. मीही खिडकीत हसलो.

अक्का हसल्या नाहीत. त्यांनी ती लाल बांगडी सुतातून सोडवली, मुलीच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तुझी आत्ता पडली ना?"

"हो मॅडम."

"आणि तीही वर आली."

तास तिथंच संपवून त्या थेट खिडकीशी आल्या. चेहरा उतरलेला. "भाऊ, माझं काम झालेलं नाही."

"म्हणजे?"

"पेशी फुटल्यावर आत नुसता गुंता होतो. प्लास्मिड त्या गुंत्यात नंतर अडकलं असेल तर? तळाला गेलं ते धरून गेलं की अडकून गेलं, मला काय माहीत? मी बाहेरून एक परकं प्लास्मिड टाकून बघितलंच नाही. पेशी फुटल्यावर टाकायचं, वेगळ्या आकाराचं, ओळखू येईल असं. तेही तळाला गेलं, तर माझा प्रबंध म्हणजे नुसता गुंता."

मी चिडलोच. "अक्का, मार्गदर्शक हो म्हणालेत. जूनअखेर मुदत. आधी पदवी घ्या, मग खुशाल शंका काढत बसा. कोण विचारणार आहे तुम्हाला?"

"मी विचारलं ना. पदवीच्या आधी शंका आली, भाऊ. जो आधी आला, त्याला आधी बसवायचं."

"आणि आबांची पाटी?"

हे मी बोलायला नको होतं असं नाही, कोणीतरी बोलायलाच हवं होतं.  त्या खिडकीच्या चौकटीवर हात ठेवून म्हणाल्या, "आबांनी गिरणीत धागा तपासायचं काम केलं. कापडाचं ठाण संपायची वेळ झाली म्हणून त्यांनी कधी तुटका धागा पुढं नाही सोडला. मी सोडला, तर त्या पाटीखालून आत कशी जाऊ?"

धुळ्याला विचारलं, तर यंत्र बिघडलेलं. मुंबईहून माणूस येईल, तेव्हा दुरुस्त होईल. मुंबईचा माणूस आला तो पावसाळा लागल्यावर, जुलैत. जूनची मुदत गेली. पुण्याहून नोंदणी रद्द झाल्याचं कळलं, त्या दिवशी स्टाफरूममध्ये लोक त्यांच्याशी हळू आवाजात बोलायला लागले, जसं घरात कोणी गेल्यावर बोलतात. त्या उलट रोजच्यापेक्षा मोठ्यानं बोलत होत्या. विभागप्रमुखपद दुसऱ्याला गेलं. त्याच्या पहिल्या बैठकीत त्याला त्यांनीच हजेरीपटाची रीत समजावून सांगितली, आणि चहाही मागवला. मला मात्र राग येत होता, त्या माणसाचा नाही, अक्कांचा. एवढा कसला तो हट्ट!

यंत्र सुरू झाल्यावर आम्ही पुन्हा कुल्फीवाल्याचा खोका घेऊन निघालो. धुळ्याला त्यांनी त्याच स्टुलावर पेशी फोडल्या, हातानं नळी अशी तिरपी केली जशी झोपलेलं मूल कुशीवर वळवतात. मग त्यात परकं प्लास्मिड टाकलं आणि यंत्र फिरवलं. वरचा आणि तळाचा भाग वेगवेगळ्या नळ्यांत भरून आम्ही जळगावला परत. "आता आदळू दे गाडी," अक्का म्हणाल्या, "आता वाटण्या झाल्यात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जेलच्या पातळ थरातून वीज सोडून ते सगळं वाहवलं. लहान प्लास्मिड पुढं पळतं, मोठं मागे राहतं, त्यामुळं कोणतं आपलं, कोणतं परकं ते स्पष्ट कळतं. खिडकीला काळा कागद लावून त्यांनी अतिनील दिवा लावला. मला बोलावलं. मी गेलो खरा, पण खरं सांगतो, मला बघवत नव्हतं. या बाईनं सगळं पणाला लावून जर हातात गुंताच आला, तर मी तिच्याशी काय बोलणार होतो?

रंग लावलेल्या डीएनएच्या नारिंगी रेघा दिसल्या. अक्का बोटानं दाखवत होत्या.

"ही झोपलेली पेशी. बघ, परकंही तळाला, आपलंही तळाला. म्हणजे इथं नुसता गुंता होता. हे प्रकरण खोटं, हे गेलं." त्यांनी एक श्वास घेतला. "आणि ही वाढती पेशी, नक्कल चालू असलेली. परकं वर राहिलंय, बघ. आणि आपलं?"

आपलं तळाला होतं, गुणसूत्राबरोबर.

"इथं गुंता सैल होता, म्हणून परकं अडकलं नाही. आणि तरीही आपलं खाली गेलं. धरतं, भाऊ! नक्कल होताना धरतं!" आणि साळवे मॅडम, ज्यांच्या चपलांच्या आवाजाला प्राचार्य दचकायचे, त्या अंधाऱ्या खोलीत उभ्या राहून ढसाढसा रडल्या. मीही रडलो. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर धुळ्याला गेलो, कारण आबांना सांगायला त्या एकट्या जाणार नव्हत्या. तसं म्हणाल्या नाहीत, पण डबा दोघांचा बांधायला सांगितला. आबा दारातच खाटेवर बसले होते. अक्का उभ्या उभ्याच म्हणाल्या, "आबा, पदवी नाही व्हयनी."

म्हाताऱ्यानं डोळे बारीक करून लेकीकडे पाहिलं.  मग म्हणाले, "तू जे शोधत व्हती, ते भेटनं का?"

"भेटनं."

"मंग बठ्ठं शे." आणि मला म्हणाले, "बस भाऊ, पाणी पी."

जेवताना मी चोरून खाटेखाली बघितलं. धोतरात गुंडाळलेली पाटी तिथंच होती. ती त्यांनी टाकली नाही, आणि लावलीही नाही.

पुढं जळगावातच विद्यापीठ झालं. आम्ही सगळे मागे लागलो की आता नव्यानं नोंदणी करा, सगळं आयतं आहे. अक्का म्हणाल्या, "उत्तर मला माहीत आहे. माहीत असलेलं परत विचारायचं आणि त्याची पदवी घ्यायची, हे शोभत नाही." परदेशात तसलं काम आधीच झालंय असं एकानं खवचटपणे सांगितलं, तर म्हणाल्या, "झालं असेल की. त्यांची माती वेगळी, असोद्याची वेगळी." सूत आणि बांगडीचा तास चालूच राहिला. आता फक्त टेबलावर दोन बांगड्या असायच्या, एक हिरवी आणि एक लाल.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन करणाऱ्या तरुणानं आदरानं जाहीर केलं, "आता डॉक्टर साळवे मॅडम दोन शब्द बोलतील." सभागृहात सगळेच अवघडले. अक्का उठल्या, माईक खाली ओढला आणि म्हणाल्या, "बाळा, डॉक्टर नाही. ते माझ्या अगदी जवळून गेलं, पण मी धरलं नाही. साळवे मॅडम म्हण, ते मी धरलेलं आहे." टाळ्या थांबेनात. मला मात्र टाळ्या वाजवता येईनात.

आबा गेल्यानंतर धुळ्याचं घर रिकामं होतं, तिथंच राहायला चालल्या होत्या त्या. स्टँडवर मी पोचवायला गेलो आणि सामान चढवता चढवता मीच गाडीत बसलो. त्या फक्त खिडकीकडे सरकल्या. मांडीवर तोच कुल्फीवाल्याचा खोका, आत सूत आणि दोन बांगड्या. शेजारी धोतरात गुंडाळलेलं काहीतरी चपटं. मी विचारलं, तर म्हणाल्या, "मागे आणली होती इकडे. आता दाराला लावणार आहे. 'डॉ.' तेवढं घासून काढलंय, नाव आबांच्या पसंतीचं आहे."

गाडी नेहमीसारखी आदळत, खडखडत निघाली. एरंडोलच्या अलीकडे कंडक्टर आला. नवा पोरगा होता. त्यानं दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, "धुळे? सोबत आहात का?"

मी जुन्या सवयीनं त्या कडाडतील म्हणून वाट बघत राहिलो.

"सोबत आहोत," अक्का म्हणाल्या. "एवढी वर्षं या रस्त्यानं हलवून बघितलंय, बाबा. सुटायचं असतं, तर कधीच सुटलं असतं. दोन दे."